इन्सुलिनने जीव वाचलेल्या डॉक्टरनेच सांगितलं होतं, शुगर लो झाल्याची चाहूल पुढे लागेनाशी होते

डायबेटिस म्हटलं की आपल्याकडे भीती एकाच गोष्टीची असते, शुगर वाढण्याची. गोड बंद, भात कमी, जेवणानंतर शतपावली, सगळा बंदोबस्त त्यासाठीच. पण ज्या घरात टाइप १ डायबेटिसचा पेशंट आहे, जिथे दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं, तिथे दुसरी एक भीती कायम मुक्कामाला असते. ती म्हणजे शुगर अचानक खाली जाण्याची.

शुगर खाली गेली की शरीर सहसा गप्प बसत नाही. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, पोटात भुकेचा डोंब उसळतो. पेशंट ओळखतो, दोन-तीन चमचे साखर खातो आणि थोड्या वेळात कामाला लागतो. मात्र बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काही जणांच्या बाबतीत ही चाहूल लागणंच बंद होतं. घाम नाही, थरथर नाही. माणूस बोलता बोलता असंबद्ध बोलायला लागतो आणि तिथून थेट बेशुद्ध पडतो. मधली पायरीच गायब.

डॉक्टर याला हायपोग्लायसेमिया अनअवेअरनेस म्हणतात. आज हा शब्द डायबेटिसच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण १९४१ साली, जेव्हा इन्सुलिन येऊन जेमतेम दोन दशकं होत होती, तेव्हा एका ब्रिटिश डॉक्टरने ही गोष्ट स्पष्टपणे लिहून ठेवली. तेव्हा त्यांना स्वतःला इन्सुलिन घेऊन १८ वर्षं झाली होती.

त्यांचं नाव रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. सगळे त्यांना रॉबिन म्हणायचे.

ब्रशच्या कारखानदाराचा मुलगा

रॉबिन लॉरेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ चा, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा. वडील ब्रश बनवण्याच्या धंद्यात होते. पोरगा हुशार होता, पण डॉक्टर व्हायचं असं काही आधीपासून ठरलेलं नव्हतं. ॲबरडीन विद्यापीठात त्यांनी आधी इंग्रजी आणि फ्रेंच घेऊन एमए केलं. मग ग्लासगोला काकांच्या कापडाच्या व्यवसायात काम करून पाहिलं. ते काही आठवड्यांतच सोडलं, परत ॲबरडीन गाठलं आणि मेडिकलला प्रवेश घेतला.

तिथे मात्र गाडी सुसाट सुटली. शरीररचनाशास्त्र, मेडिसिन, सर्जरी या विषयांत त्यांनी सुवर्णपदकं मिळवली. खेळातही ते मागे नव्हते, हॉकी आणि टेनिस दोन्ही खेळायचे. १९१६ मध्ये ते डॉक्टर झाले.

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. लॉरेन्स ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात भरती झाले आणि त्यांची रवानगी थेट भारताच्या सरहद्दीवर झाली. तिथे त्यांना आमांशाने गाठलं. १९१९ मध्ये आजारी अवस्थेत त्यांना मायदेशी पाठवण्यात आलं. सैन्य सोडताना ते कॅप्टन होते.

बरे झाल्यावर ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये लागले. सर्जन व्हायचं पक्कं होतं. कान-नाक-घसा विभागात असिस्टंट सर्जनची जागाही मिळाली.

हाडाचा एक कण

१९२० ची गोष्ट. कानामागच्या हाडावरच्या ऑपरेशनचा सराव लॉरेन्स एका मृतदेहावर करत होते. हाड फोडताना एक बारीक कण उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

डोळा सुजला, इन्फेक्शन झालं. उपचार सुरू होते, पण इन्फेक्शन हटत नव्हतं. म्हणून तपासण्या झाल्या आणि लघवीत साखर सापडली. विशी अजून सरली नव्हती आणि डायबेटिस निघाला.

आज असं निदान झालं तर घरच्यांना धक्का बसतो, पण उपचार हातात असतात. १९२० मध्ये तसं काहीच नव्हतं. टाइप १ डायबेटिसमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणं जवळपास बंद करतं. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही. माणूस खातो, तरी वाळत जातो. त्या काळी डॉक्टरांकडे एकच उपाय होता, उपासमार. अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा डाएट इतका कडक होता की पेशंट हाडांचा सापळा व्हायचा. बदल्यात त्याला थोडे दिवस जास्त मिळायचे, एवढंच.

लॉरेन्स यांनाही कडक डाएटवर ठेवलं. इन्फेक्शन आटोक्यात आलं, पण उजव्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. सर्जन होण्याचा विषय तिथेच संपला.

त्यांनी ऑपरेशन थिएटर सोडलं आणि किंग्जमधल्याच केमिकल पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये डॉ. जी. ए. हॅरिसन यांच्या हाताखाली काम सुरू केलं. आजारपणातही त्यांनी एमडीचा प्रबंध पूर्ण केला. पण हिशोब त्यांना कळत होता. हातात फार तर तीन-चार वर्षं होती.

घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ते इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेले आणि तिथे छोटीशी प्रॅक्टिस थाटली.

३१ मे १९२३

इकडे लॉरेन्स दिवस मोजत होते आणि तिकडे कॅनडातल्या टोरंटोमध्ये इतिहास घडत होता. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लिऑड आणि जेम्स कॉलिप यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते टोचलं आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला.

बातमी पसरली, पण औषध पसरायला वेळ लागला. सुरुवातीला इन्सुलिन फार थोडं बनायचं. ब्रिटनमध्ये ते पेशंटपर्यंत पोहोचेपर्यंत १९२३ उजाडलं.

त्या हिवाळ्यात फ्लॉरेन्समध्ये लॉरेन्स यांना ब्रॉन्कायटिस झाला. डायबेटिस हाताबाहेर गेला. पायांच्या नसांवर परिणाम झाला, अंगात त्राण उरलं नाही. अशात मे महिन्यात हॅरिसन यांचा निरोप आला. इन्सुलिन मिळालं आहे, ते काम करतंय, ताबडतोब निघून ये, अशा अर्थाचा.

नीट उभंही राहवत नसलेला हा माणूस मोटारीने अर्धा युरोप ओलांडून २८ मे १९२३ ला किंग्ज कॉलेज हॉस्पिटलला पोहोचला. तपासण्या झाल्या. ३१ मे ला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं.

दोन महिन्यांनी लॉरेन्स त्याच हॉस्पिटलमध्ये केमिकल पॅथॉलॉजिस्ट म्हणून कामावर रुजू झाले होते. वय होतं ३०.

जीव वाचला, नवा धोका आला

इथे गोष्ट गोड शेवटाने संपायला हवी होती. पण इन्सुलिनची दुसरी बाजू टोरंटोच्या लॅबमध्ये पहिल्यापासूनच दिसली होती. कॉलिप सशांना इन्सुलिन टोचून पाहत होते. डोस जास्त झाला की सशांना झटके यायचे आणि ग्लुकोज दिलं की ते सावरायचे. म्हणजे जे औषध वाढलेली शुगर उतरवतं, ते थांबायचं कुठे हे जाणत नाही. टोचलं की ते आपलं काम करत राहतं. पेशंट जेवला का, जास्त चालला का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

लॉरेन्स यांनी हे लवकर ताडलं. व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम कसा वाढतो यावर त्यांनी १९२६ मध्येच लिहिलं. आज प्रत्येक टाइप १ पेशंटला सांगितलं जातं, की खेळायला जाण्याआधी काहीतरी खा किंवा डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यामागचं तत्त्व तेव्हापासूनचं आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी घरी ग्लुकोमीटर नव्हता. तो सर्वसामान्यांच्या हातात यायला १९७० चं दशक संपत यावं लागलं. तेव्हा पेशंट घरी लघवी तपासायचे. बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून गरम करायचं आणि निळा रंग हिरवा होतो की विटकरी, ते बघायचं. यात शुगर वाढलेली कळायची. खूप खाली गेलेली मात्र कळायची नाही, कारण शुगर नॉर्मल असो की धोकादायकरीत्या कमी, लघवीत साखर उतरतच नाही. रंग निळाच राहणार.

मग शुगर लो होतेय हे सांगणार कोण? फक्त शरीर. घाम, थरथर, धडधड हेच त्या काळातलं एकमेव मीटर होतं. ते बंद पडलं तर पेशंट पूर्ण अंधारात.

पेशंटच्या हाती लगाम

लॉरेन्स यांनी सर्जरीचं स्वप्न सोडलं ते सोडलंच. पुढचं सगळं आयुष्य डायबेटिसला दिलं. किंग्जमधलं त्यांचं डायबेटिस क्लिनिक ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या आणि मोठ्या क्लिनिकपैकी एक ठरलं.

डॉक्टर गोळी देणार आणि पेशंट मुकाट्याने घेणार, ही पद्धत इन्सुलिनच्या बाबतीत चालणार नाही हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं. सुई दिवसातून अनेकदा टोचायची, जेवण मोजायचं, शुगर लो झाली तर पुढच्या काही मिनिटांत ओळखायचं. हे सगळं घरी करायचं असतं, तिथे डॉक्टर नसतो. म्हणून त्यांनी १९२५ मध्ये द डायबेटिक लाइफ हे पुस्तक लिहिलं, डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही वाचता येईल असं. पुढे द डायबेटिक एबीसी आलं. जेवण मोजायला सोपं जावं म्हणून त्यांनी पदार्थांचे काळ्या आणि लाल रेघांत भाग पाडले. काळ्या रेघेचा एक भाग म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. आज आपण ज्याला कार्ब मोजणं म्हणतो, त्याचाच हा जुना अवतार.

१९२८ मध्ये त्यांनी डोरीन बॅटसन यांच्याशी लग्न केलं. त्यांना तीन मुलगे झाले. पाच वर्षांपूर्वी हा माणूस परदेशात मरण्याची तयारी करत होता, हे इथे आठवायला हवं.

१९३४ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनाही डायबेटिस होता. त्यांच्या लंडनमधल्या घरी डॉक्टर आणि पेशंट एकत्र बसले आणि डायबेटिक असोसिएशनची स्थापना झाली. आज ही संस्था डायबेटिस यूके नावाने ओळखली जाते. संस्थेच्या कार्यकारी मंडळाची धुरा लॉरेन्स यांनी १९६१ पर्यंत वाहिली. संस्थेच्या नियतकालिकात ते अनेकदा नाव न देता लिहायचे.

१९४१ चा तो लेख

क्लिनिकला वर्षं झाली तसे पेशंटही इन्सुलिनवर मुरत गेले. कुणाला ५ वर्षं झाली, कुणाला १०, कुणाला १५. जगात याआधी असे पेशंट कधी नव्हतेच, कारण इतकी वर्षं कुणी जगतच नव्हतं. या माणसांचं दीर्घकाळ निरीक्षण करण्याची संधी ज्या मोजक्या डॉक्टरांना मिळाली, त्यात लॉरेन्स होते.

१९४१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. विषय होता, इन्सुलिनमुळे शुगर लो झाल्यावर दिसणाऱ्या लक्षणांमध्ये काळानुसार होणारा बदल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. इन्सुलिनवर काही वर्षं गेली, साधारण ५ ते १० वर्षं, की लक्षणांचा प्रकारच बदलतो. घाम, थरथर अशी आधीची चाहूल गळून पडते आणि पेशंट सरळ मेंदूशी संबंधित गंभीर लक्षणांवर जातो. आणि हे क्वचित कुठेतरी घडत नाही, जवळपास नेहमीच घडताना दिसतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

या लेखाचं महत्त्व समजायला पेशंटच्या जागी उभं राहावं लागेल. शुगर फार खाली गेली की माणूस चिडतो, अडखळत बोलतो, झोकांड्या खातो. बघणाऱ्याला वाटतं, दारू प्यायलाय. घरच्यांना वाटतं, हा स्वतःकडे लक्षच देत नाही, इतकी वर्षं झाली तरी कळत कसं नाही? लॉरेन्स यांच्या निरीक्षणाने या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याला कळत नाही, कारण त्याला कळवणारी यंत्रणाच मंदावली आहे. यात हलगर्जीपणाचा संबंध नाही.

पण असं होतं का?

लॉरेन्स यांनी काय होतं ते नोंदवलं. का होतं, हे उलगडायला पुढची पाच दशकं गेली.

मेंदू जवळपास पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो आणि त्याच्याकडे साठा फारसा नसतो. म्हणून शुगर उतरायला लागली की निरोगी शरीर तीन गोष्टी करतं. आधी स्वतःचं इन्सुलिन थांबवतं. मग ग्लुकागॉन हे हार्मोन सोडतं, ज्यामुळे लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं. त्याच सुमारास ॲड्रेनालिन येतं. थरथर आणि धडधड या ॲड्रेनालिनमुळे होते. घाम आणि भूकही स्वयंचलित मज्जासंस्थेच्या याच धावपळीतून येतात.

टाइप १ मध्ये पहिला उपाय उपलब्धच नाही, कारण टोचलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. दुसरा उपाय, म्हणजे ग्लुकागॉनचा प्रतिसाद, आजार सुरू झाल्यावर काही वर्षांतच क्षीण होतो. उरतं ॲड्रेनालिन. आणि नेमकं तेच सवयीने बोथट होतं.

शुगर वारंवार लो होत राहिली की शरीर त्याला सरावतं. आधी ६५-७० ला वाजणारी घंटा ५५ ला वाजायला लागते, मग ४५ ला. पण मेंदूचं काम तर ५० च्या आसपासच बिघडायला लागतं. म्हणजे घंटा वाजेपर्यंत ती ऐकणाराच भानावर नसतो. घंटा उशिरा वाजते म्हणून शुगर पुन्हा लो होते, आणि पुन्हा लो झाली म्हणून घंटा आणखी उशिरा वाजते. अमेरिकेतले डॉक्टर फिलिप क्रायर यांनी १९९० च्या दशकात हे दुष्टचक्र सविस्तर मांडलं.

टाइप १ असलेल्या सुमारे एक चतुर्थांश प्रौढांमध्ये ही चाहूल कमी झालेली आढळते. अशा व्यक्तींना गंभीर हायपो होण्याचा, म्हणजे शुद्धीवर आणायला दुसऱ्या माणसाची मदत लागण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे सहापट असतो.

गेलेली चाहूल परत येऊ शकते

आता चांगली बातमी. १९९३-९४ च्या सुमारास इटली, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. चाहूल हरवलेल्या पेशंटची शुगर काही आठवडे ते काही महिने अजिबात लो होऊ द्यायची नाही. निकाल आश्वासक होते. अनेकांना लक्षणं पुन्हा जाणवू लागली. ज्यांना २० वर्षांहून जास्त काळ डायबेटिस होता, त्यांच्यातही सुधारणा दिसली.

यातल्या ब्रिटिश गटात डॉ. स्टेफनी एमिएल होत्या. पुढे त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये डायबेटिसच्या प्राध्यापक झाल्या. त्या पदाला नाव आहे आर. डी. लॉरेन्स यांचं. ज्या संस्थेत लॉरेन्स यांना पहिलं इन्सुलिन मिळालं, तिथेच त्यांच्या नावाच्या पदावर बसून त्यांनी नोंदवलेल्या प्रश्नावर काम झालं.

आज मदतीला आणखी साधनं आहेत. दंडाला लावायचा सेन्सर शुगर उतरायला लागली की मोबाईलवर अलार्म देतो, झोपेतसुद्धा. शरीराची घंटा बंद असेल तर ही बाहेरची घंटा उपयोगी पडते.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं माहीत असू द्या:

- शुगर ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.
- पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर द्या. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून चालेल. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर अजून लो असेल तर पुन्हा द्या.
- पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवा.
- मीटरवर ६० दिसतंय आणि पेशंटला काहीच जाणवत नाही, असं होत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. डोस मात्र मनाने बदलू नका.

४५ वर्षं

लॉरेन्स यांचं काम ब्रिटनपुरतं राहिलं नाही. १९५० मध्ये इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिले. निवृत्तीनंतर काही काळातच त्यांना स्ट्रोक आला, तरी त्यांनी पेशंट तपासणं सोडलं नाही.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमधल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ७५. ३१ मे १९२३ च्या त्या पहिल्या इंजेक्शननंतर ते ४५ वर्षं जगले होते.

डायबेटिस यूके ही संस्था आजही ६० वर्षं डायबेटिससोबत काढलेल्यांना एक मेडल देते. त्याचं नाव रॉबर्ट लॉरेन्स मेडल. लॉरेन्स यांच्या स्वतःच्या वाट्याला ६० वर्षं आली नाहीत. पण १९२० मध्ये ज्या आजाराला तीन-चार वर्षांची मुदत होती, त्यात ६० वर्षं पूर्ण करणाऱ्यांसाठी आता वेगळं मेडल ठेवावं लागतं.